शनिवारी घाणा बंद! कोकणातल्या बेने इस्राएलांबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात एका वाचकांनी विचारलं होतं की अलिबागमध्ये 'इस्राएल आळी' कशी काय, तिथे इस्रायलचे लोक राहायला आले होते का? मी चार ओळीत उत्तर दिलं होतं की ही बेने इस्राएल म्हणजे मराठी ज्यूंची वस्ती, आणि इस्रायल देश जन्माला यायच्या शेकडो वर्षं आधीची. त्या चार ओळींवर इतके प्रश्न आलेत की यावेळी अख्खं सदर त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. हा विषय माझ्या फार जवळचा आहे त्यामुळे काही उत्तरं लांबलीत, सांभाळून घ्या.

प्रश्न: ताई, नवगावला जहाज फुटलं आणि सात बायका, सात पुरुष वाचले, त्यांच्यापासून हा समाज वाढला अशी गोष्ट ऐकली आहे. ही खरी आहे का? नक्की कधी आले हे लोक? (एक वाचक, चौल)

गोष्ट अशी की फार पूर्वी, काहींच्या मते इसवी सनाच्या १७५ वर्षं आधीच्या सुमाराला, पॅलेस्टाइनमध्ये ग्रीक राजाचा जुलूम चालू होता तेव्हा काही ज्यू कुटुंबं जहाजाने निघाली आणि अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं. सात जोडपी वाचली. बाकीच्यांची प्रेतं लाटांबरोबर किनाऱ्याला लागली ती तिथेच पुरली. नवगावला ती दफनाची जागा आजही दाखवतात, तिथे स्मारकही उभारलंय. धर्मग्रंथ, भांडीकुंडी, पैसाअडका सगळं समुद्रात गेलं, हेही त्या गोष्टीतच येतं, आणि पुढचं सगळं कळायला ते लक्षात ठेवा.

आता खरी का? अभ्यासकांचं एकमत नाहीये. कोणी म्हणतं इतकं जुनं नाही, नंतरच्या शतकांमध्ये येमेन किंवा इराणकडून व्यापाराच्या वाटेने आले असतील, कारण चौल हे फार जुनं आणि मोठं बंदर होतं आणि अरबी समुद्रात जहाजांची ये-जा कायमचीच होती. आणखी एक गंमतीची बाब, चित्पावनांच्या उत्पत्तीच्या कथेतही समुद्रातून वाहून आलेली चौदा प्रेतं आहेत, आणि इथे सात नि सात चौदा. एकाच किनाऱ्यावरच्या दोन समाजांनी आपल्या सुरुवातीची गोष्ट जवळपास एकाच साच्यात सांगावी यात मला तरी नवल वाटत नाही, शेजार तसाच होता.

कागदावरचा पुरावा मात्र बराच उशिराचा आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीला मायमोनिडिस नावाच्या मोठ्या ज्यू पंडिताने एका पत्रात लिहिलंय की हिंदुस्थानातल्या ज्यूंना शब्बाथ (शनिवारचा विसावा) आणि सुंता यापलीकडे धर्मशास्त्र माहीत नाही. ते कोकणातल्या याच लोकांबद्दल असावं असं बरेच जण मानतात. नाव न घेता का होईना, वर्णन जुळतं. मग १७६८ मध्ये कोचीनच्या यहेज्केल रहाबी या व्यापाऱ्याने ॲमस्टरडॅमला पाठवलेल्या पत्रात स्पष्टच उल्लेख येतो, की कोकणात बेने इस्राएल आहेत, तेल गाळतात, 'शेमा' ही प्रार्थना म्हणतात आणि शनिवार पाळतात. २०१६ मध्ये डीएनएवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात असं दिसलं की या समाजात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि इथल्या स्थानिक लोकांचा असा दोन्ही वंश मिसळलेला आहे. म्हणजे बाहेरून कोणीतरी आलं होतं हे नक्की आणि इथल्या मातीत मिसळलं हेही तितकंच नक्की. मला विचाराल तर साल शोधत बसण्यापेक्षा हे जास्त मोलाचं आहे.

प्रश्न: आमचे आजोबा त्यांना 'शनवार तेली' म्हणायचे. मग ते तेली जातीचे की ज्यू? (एक वाचक, पेण)

धर्माने ज्यू, धंद्याने तेली. कोकणातल्या गावात कोणीही आला तरी पहिला प्रश्न हाच असायचा की करतो काय, आणि तुमची ओळख त्यावरून ठरायची. हे लोक तेलाचे घाणे चालवायचे. तीळ, खोबरं, शेंगदाणे, जे गावात पिकेल ते घाण्यात. डोळ्यांना झापड बांधलेला बैल गोल गोल फिरणार, घाण्याची लाकडी लाट करकरणार आणि खाली धार पडणार. शुक्रवारी संध्याकाळी दिवेलागणीला बैल सोडला की तो रविवारी सकाळीच जुंपायचा. शनिवारी घाणाही नाही आणि चूलही नाही, आदल्या दिवशी रांधून ठेवलेलं खायचं. गावाला त्यांचा धर्म बिर्म काही माहीत नव्हता पण शनिवारी तेल मिळत नाही हे पक्कं माहीत होतं. म्हणून शनवार तेली. आणि जे हिंदू तेली महादेवाचा वार म्हणून सोमवारी घाणा बंद ठेवायचे ते सोमवार तेली. झालं, एवढाच फरक गावाने नोंदवला.

पण सगळेच काही तेली नव्हते हां. शेती होती, नारळी-पोफळीच्या वाड्या होत्या, सुतारकाम होतं, आणि शिपाईगिरी तर भरपूर. आंग्र्यांच्या चाकरीत होते तसे जंजिऱ्याच्या सिद्दीकडेही होते.

प्रश्न: माझ्या वडिलांच्या ऑफिसात एक पेणकर होते, ते ज्यू आहेत हे आम्हाला त्यांच्या निरोप समारंभात कळलं! आडनावावरून ओळखता येतं का? (एक वाचक, ठाणे)

नुसत्या आडनावावरून नाही, कारण आडनावं तुमच्याआमच्यासारखीच, गावाच्या नावाला 'कर' लावलेली. किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, अष्टमीचे अष्टमकर, झिराडचे झिराडकर, तसेच चेऊलकर, पेणकर, नवगावकर, आवासकर. अशी शंभराहून जास्त आडनावं आहेत आणि ती नकाशावर मांडली तर हा समाज किती पसरून राहत होता ते कळतं. एका गावात दोन घरं, पुढच्या गावात चार, असं. मोठी एकगठ्ठा वस्ती जवळपास कुठेच नाही.

पहिल्या नावावरून मात्र अंदाज यायचा. जुन्या पिढीत शमुएलचा सामाजी व्हायचा, यहेज्केलचा हसाजी, अब्राहामचा अबाजी, मोशेचा मुसाजी. पुढे शाळा आल्या, बायबलचं मराठी भाषांतर आलं, आणि मुलांची नावं पुन्हा सॅम्युअल, डेव्हिड, मोझेस अशी ठेवायला लागले. हिंदी सिनेमातले डेव्हिड आठवतात ना, 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा? ते डेव्हिड अब्राहम चेऊलकर. म्हणजे मूळ चौलचेच.

प्रश्न: जवळ पोथी नाही, धर्मगुरू नाही, हिब्रू येत नाही, मग इतकी शतकं धर्म टिकला कसा? (एक वाचक, रोहा)

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. माझं ठाम मत आहे की धर्म टिकला तो स्वयंपाकघरात आणि पंचांगात, आणि त्याचं श्रेय बायकांना द्यायला हवं जे इतिहासात फारसं दिलं जात नाही.

समाजातच एक कथा सांगतात. डेव्हिड रहाबी नावाचा एक परदेशी ज्यू कोकणात आला. कोणी म्हणतं हजार वर्षांपूर्वी, कोणी म्हणतं अठराव्या शतकात कोचीनच्या रहाबी घराण्यातला. शनिवार पाळणारे हे लोक बघून त्याला शंका आली की हे आपलेच तर नाहीत? मग त्याने काय केलं, बाजारातून सगळ्या जातीचे मासे मिसळून आणले आणि घरातल्या बायकांना रांधायला दिले. बायकांनी माशांचे दोन ढीग केले. रावस, पापलेट असे खवले आणि पर असलेले एकीकडे, आणि कोळंबी, खेकडे, मुशी वगैरे दुसरीकडे, म्हणाल्या हे आम्ही खात नाही. तोरा या ज्यूंच्या धर्मग्रंथातला नियम अगदी हाच आहे. त्या बायकांनी तोरा कधी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता! कथा शब्दशः खरी असो नसो, ज्या समाजाने ती जपली त्याला आपला धर्म कुणाच्या हातात होता हे चांगलं ठाऊक होतं. रहाबीने मग झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतल्या तिघांना शिकवून तयार केलं आणि ते 'काजी' झाले, लग्नं लावायची, सुंता करायची, भांडणं मिटवायची ही कामं पिढ्यान्‌पिढ्या त्या घराण्यांकडे राहिली.

टिकलेल्या गोष्टी तशा मोजक्याच. आठव्या दिवशी मुलाची सुंता, शनिवारचा विसावा, खाण्याचे नियम, काही सण नि उपास, आणि 'शेमा इस्राएल' ही एक प्रार्थना. जन्म असो, लग्न असो, मयत असो, प्रत्येक वेळी तीच एक ओळ म्हणायची कारण दुसरी येतच नव्हती.

आणि सणांची नावं बघा, पूर्ण मराठी! नवीन वर्षाचा तो 'नव्याचा सण'. योम किप्पूर, म्हणजे दिवसभर कडक उपास करून घरात बसायचं, तो 'दार फळण्याचा सण'. त्याच्या दुसऱ्या दिवशी 'शिळा सण', त्या दिवशी दानधर्म करायचा आणि लोकांच्या घरी जायचं. पेसाह म्हणजे वल्हांडण, इजिप्तमधून सुटकेचा सण, तो 'अनाशी ढाकायचा सण', त्या दिवसांत आंबवलेलं काही चालत नाही म्हणून आंबटाचं भांडं झाकून ठेवायचं. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास तो 'बिरड्याचा रोजा', कारण उपास सोडताना वालाचं बिरडं. मंदिर कुठलं, पाडलं कोणी, यातलं काही आठवत नसताना सुद्धा उपास आणि बिरडं चालूच होतं.

मलिद्याबद्दल दोघा-तिघांनी विचारलंय ते इथेच सांगते. पोहे भिजवून त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा घालायचा, ताटात वर फळं मांडायची आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने प्रार्थना म्हणून सगळ्यांनी खायचं. लग्नाआधी, नवस फेडायला, प्रवासाला निघताना, नवीन घरात गेल्यावर, कशालाही मलिदा करतात. जगातल्या दुसऱ्या कुठल्या ज्यू समाजात हा विधी नाही. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर खुणा आहेत, एलियाहू हन्नाबी रथातून स्वर्गात जाताना तिथे टेकला अशी श्रद्धा आहे आणि त्या जागेला 'एलियाहू हन्नाबीचा टापा' म्हणतात. आजही इस्रायलहून आलेली कुटुंबं आधी तिथे जातात, मग बाकीचं कोकण.

प्रश्न: मराठी साहित्यात यांचं काही योगदान आहे का? (एक वाचक, पुणे)

आहे आणि ते फार कमी लोकांना माहितीये! १८३२ मध्ये जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, पण झालं भलतंच, बेने इस्राएल हिब्रू शिकले, बायबल मराठीत वाचलं आणि आणखी पक्के ज्यू झाले. ख्रिस्ती फारच थोडे झाले.

त्यानंतर छापखान्याचा सपाटाच लावला. वल्हांडणाच्या रात्री वाचतात ती हगादा मराठी भाषांतरासह १८४६ ला मुंबईत निघाली, आणि १८७४ मध्ये पुण्यात सचित्र निघाली. त्या पुण्याच्या हगादातलं एक चित्र जमलं तर नक्की बघा, लुगडं नेसलेल्या बायका जमिनीवर बसून सणाच्या बिनखमिराच्या भाकऱ्या लाटतायत आणि भाजतायत. इजिप्तमधून सुटकेची गोष्ट आणि चित्र आपल्या माजघरातलं. जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी प्रार्थनेची पुस्तकं मराठीत आणली. आणि १८८० मध्ये तर चक्क कीर्तन मंडळी सुरू केली, अष्टमकर आणि दिवेकर या मंडळींचा त्यात पुढाकार होता. साकी, दिंडी, ओवी, अभंग सगळं तेच, फक्त आख्यान योसेफाचं नाहीतर मोशेचं. हिंदू कीर्तनकार बघून बघून उचललेली ही गोष्ट, पण त्यामुळे घराघरातल्या बायकांपोरांना आपला धर्मइतिहास पहिल्यांदा गोष्टीच्या रूपात ऐकायला मिळाला.

प्रश्न: छोट्या गावांतली सिनेगॉग कोणत्या काळातली? आत काय असतं, आपल्याला जाता येतं का? (एक वाचक, पनवेल)

सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. कोकणातली जवळपास सगळी एकोणिसाव्या शतकातली. त्याआधी घरातच प्रार्थना व्हायची. आधी मुंबईत झालं, १७९६ ला, सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलं. ते कंपनी सरकारच्या पलटणीत नेटिव्ह कमांडंट होते, म्हैसूरच्या लढाईत कैद झाले, आणि जीव वाचला तर देऊळ बांधीन असं बोलले होते असं सांगतात. ते हे 'शाआर हारहामीम', दयेचं दार. जुने लोक तिला जुनी मशीदच म्हणायचे आणि मस्जिद बंदर स्टेशनचं नाव तिच्यावरूनच पडलं असं मानतात. मग कोकणात रेवदंड्याला १८४२, अलिबागला १८४८, तुमच्या पनवेलला १८४९, पेणला १८६३. शिवाय पोयनाड, नांदगाव, म्हसळा, रोहा-अष्टमी असं करत करत लहान गावांतही झाली. बांधली कोणी तर बहुतेक पेन्शनीत निघालेल्या सुभेदार-जमादारांनी आणि मुंबईत नोकरीला गेलेल्या गाववाल्यांच्या वर्गणीतून.

बाहेरून बरीचशी कौलारू, साधी. आत गेलात की मधोमध लाकडी कठड्याचा चौथरा, तिथे उभं राहून हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, प्रार्थना म्हणतो. पश्चिमेच्या भिंतीत तोराच्या गुंडाळ्यांचं कपाट, पश्चिमेला अशासाठी की जेरुसलेम आपल्यापासून त्या दिशेला. वरून टांगलेले तेलाचे दिवे, बायकांना बसायला माडी किंवा बाजूची जागा, आणि एक रिकामी खुर्ची, ती एलियाहू हन्नाबीची, सुंतेच्या वेळी बाळ तिच्यावर ठेवतात. कारभार बघणारा तो 'मुकादम', अगदी आपल्या गावकीतला शब्द.

जाता येतं. अलिबागचं मागेन आबोथ इस्राएल आळीतच आहे, १९१० मध्ये नव्याने बांधलेली वास्तू. फक्त आधी विचारून जा, डोकं झाका आणि शनिवारी फोटो काढू नका. अडचण वेगळीच आहे, सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि लहान गावांत दहा जण आता जमत नाहीत, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी सणासुदीलाच दार उघडतं तेही मुंबई-ठाण्याची माणसं आली तर. पनवेलला आणि ठाण्याला अजून समाज आहे. ठाण्याचं १८७९ चं सिनेगॉग तर चांगलं गजबजलेलं असतं.

प्रश्न: निदान यांच्यात तरी जातपात नव्हती ना? (एक वाचक, मुरुड)

होती. बेने इस्राएलांमध्ये 'गोरा' आणि 'काळा' असे दोन भाग होते. आईवडील दोघंही बेने इस्राएल तो गोरा, आणि बाहेरच्या जातीतल्या बाईपासून झालेली संतती काळा, मग पुढच्या पिढ्याही काळाच. त्यांच्यात लग्नं होत नव्हती, पंगती वेगळ्या, आणि सिनेगॉगमध्येही मानपान वेगळा. हे वाचताना त्रास होतो पण लपवायचं कशाला, ज्या गावात ते राहत होते त्या गावाचे नियम त्यांनी उचलले, चांगले तसे वाईटही. विधवाविवाह बंद, तेही तसंच उचललेलं, ज्यू धर्मशास्त्रात विधवेला लग्नाची पूर्ण मोकळीक आहे. विसाव्या शतकात मुंबईतल्या चाळी, शाळा आणि नोकऱ्यांत हे भेद हळूहळू विरले. आणि वरताण म्हणजे बगदादी ज्यू, ससून वगैरे, जे मागाहून श्रीमंत व्यापारी म्हणून आले, ते सगळ्याच बेने इस्राएलांना कमी लेखायचे, त्यांना पूर्ण ज्यू मानायला तयार नव्हते.

प्रश्न: त्रास कोणाचाच नव्हता म्हणतात, मग हे लोक गेले का? (दोन-तीन वाचक, महाड आणि श्रीवर्धन)

त्रास नव्हता हे खरंच. युरोपात ज्यू म्हणून जे झालं तसलं इथे कधीच झालं नाही, आणि हे त्या समाजातली माणसं स्वतः आवर्जून सांगतात. पण गाव सोडण्याची सुरुवात इस्रायलपासून झालेली नाहीये हे आधी लक्षात घ्या. ती झाली मुंबईपासून, अठराव्या शतकातच. कंपनीच्या पलटणी, गोदी, मग रेल्वे, पोस्ट, इस्पितळं, कारकुनी. रॉकेल आणि गिरणीचं तेल आलं तसे घाणे बसले. मुलगा मुंबईला, घर गावाला, गणपतीला चाकरमानी येतात तसे हे नव्याच्या सणाला यायचे. हायेम सॅम्युअल किहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्राएलाइट शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा, आणि शिक्षणाने तर दिशाच बदलली. डॉ. जेरुशा झिराड कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या, १९६६ ला पद्मश्री मिळाली. डॉ. एलिजा मोझेस १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर होते, वरळीच्या ज्या डॉ. ई. मोझेस रोडवर तुम्ही ट्रॅफिकमध्ये अडकता तो त्यांच्याच नावाचा. ही सगळी माणसं मूळची कोकणातल्या लहान लहान गावांतली.

मग १९४७-४८ आलं. इकडे इंग्रज गेले, ज्या सरकारी नोकऱ्यांवर समाज उभा होता त्यांचं पुढे काय ही धाकधूक होती, तिकडे इस्रायल झालं. शतकानुशतकं प्रार्थनेत ज्या जेरुसलेमचं नाव घेतलं तिथे जायची वाट उघडली, हे ओढणारं कारण मोठं होतं, त्याला कमी लेखू नये. १९५१ च्या जनगणनेत भारतात सगळे मिळून साधारण साडेसव्वीस हजार ज्यू होते, २०११ मध्ये उरले ४,६५०.

तिकडे गेल्यावर सोपं नव्हतं. बीरशेवा, दिमोना, अश्दोद, लोद, येरुहाम, काही ठिकाणी तर नुसतं वाळवंट. सुरुवातीला भेदभावाला कंटाळून काहींनी परत पाठवा म्हणून धरणं धरलं आणि १९५२ मध्ये काही जण परत आलेही. सगळ्यात जिव्हारी लागलं ते पुढचं. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, आदेश काढला की बेने इस्राएलांशी लग्न लावण्याआधी त्यांच्या आईची, आजीची, शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा. कारण काय, तर यांच्याकडे ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे घटस्फोट होत नव्हते, मग पुनर्विवाह झाले असतील तर ती संतती चालेल का? ज्या समाजात विधवेचं सुद्धा दुसरं लग्न होत नव्हतं त्याला हा प्रश्न! १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये मोठं आंदोलन झालं, लहान मुलांसकट लोक धरणं धरून बसले, आणि ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत. आता दिमोनाच्या दुकानात पोहे मिळतात, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिथून निघतं, आणि महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये इथे उरलेल्या ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. बऱ्याच उशिरा दिला असं माझं मत.

प्रश्न: युरोपातल्या छोट्या गावांतल्या ज्यूंसारखंच हे होतं का? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

फार वेगळं. पोलंड, लिथुआनिया, युक्रेनकडे ज्या छोट्या गावांना 'श्टेटल' म्हणतात तिथे ज्यू दोन-चार घरं नव्हते, कधी कधी निम्मं गाव तेच. भाषा यिडिश, शेजाऱ्यांपेक्षा वेगळी. आठवडी बाजार, शिंपीकाम, दारूचे गुत्ते, किरकोळ व्यापार यावर पोट, आणि गावात रब्बी, शाळा, धर्मग्रंथ सगळं जागच्या जागी. रशियन साम्राज्यात त्यांना ठरावीक प्रांतांबाहेर राहायला बंदी होती, ती १९१७ पर्यंत टिकली. १८८१ नंतर दंगली, मग लाखोंचं अमेरिकेला स्थलांतर, आणि १९४१ पासून नाझींनी ती गावंच्या गावं मारून संपवली. तिथे ग्रंथ होते पण शेजार भरवशाचा नव्हता, इथे ग्रंथ बुडाले होते आणि शेजार होता. तू प्रोजेक्टसाठी तुलना करणार असशील तर दोन्हीकडची भाषा आणि शेजारसंबंध हे दोन मुद्दे घे, त्यात भरपूर मिळेल. आणि केरळमधली परवूर, चेंदमंगलम, माळा ही गावंही बघ, तिथे मल्याळी ज्यूंची जुनी सिनेगॉग आहेत, तो समाज १९५४-५५ च्या सुमारास जवळपास अख्खाच इस्रायलला गेला.

प्रश्न: आमच्या गावाबाहेर झाडीत ज्यू लोकांचे जुने दगड आहेत, वर न कळणारी अक्षरं आहेत. ते कसे वाचायचे? काही करता येईल का? (एक वाचक, म्हसळ्याजवळून)

करता येईल आणि लवकर करा, कारण जांभा आणि पाऊस दोघं मिळून अक्षरं खातात. बऱ्याच दगडांवर हिब्रू आणि मराठी दोन्ही असतं, तेव्हा आधी खालचा मराठी मजकूर शोधा, नाव-गाव तिथेच मिळेल, 'साराबाई' अशी नावं दिसली तर गोंधळू नका. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचायचं. वरती बहुतेक दोनच अक्षरं असतात, पे आणि नून, म्हणजे 'इथे पुरलं आहे'.

साल अक्षरांत असतं, प्रत्येक अक्षराला किंमत ठरलेली. ताव म्हणजे ४००, शिन ३००, रेश २००, सामेख ६०, मेम ४०. हजाराचा आकडा बहुतेक वेळा लिहीत नाहीत. समजा ताव, रेश, मेम दिसलं तर ४०० अधिक २०० अधिक ४०, झाले ६४०, त्यात १२४० मिळवा, आलं १८८०. ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होतं त्यामुळे एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो, महिना कळला तर तोही निघतो.

दगड घासू नका, चुना-खडू फासू नका, ॲसिड तर अजिबात नको. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर फोटो काढा, उजेड आडवा पडला की झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. प्रत्येक दगडाला नंबर द्या, कुठला कुठे आहे त्याचा कच्चा नकाशा काढा, गावातल्या सत्तरी-ऐंशीच्या माणसांना विचारा की ती घरं कुठे होती, वाडी आता कोणाकडे आहे, घाणा कुठे होता, आणि जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. फोटोंची एक प्रत अलिबाग किंवा ठाण्याच्या सिनेगॉगच्या मंडळाकडे द्या. पणजोबांचा दगड शोधत इस्रायलहून माणसं दरवर्षी येतात आणि पहिली चौकशी तिथेच करतात. अक्षरं लागत नसतील तर फोटो सदराच्या पत्त्यावर मलाही पाठवा, मी लावून देईन.